एका फुटाला एक इंच

लाकडी नमुने करणाऱ्या कारागिराजवळची मोजपट्टी खोटी असते. तिच्यावर एक फूट म्हणून जे अंतर कोरलेले असते ते फुटाहून किंचित अधिक भरते. बिडाच्या कामासाठी एक अष्टमांश इंचाने, पोलादाच्या कामासाठी पाव इंचाने. वितळलेला धातू साच्यात निवताना आकसतो. तो जेवढा आकसणार तेवढा लाकडी नमुना आधीच मोठा करून ठेवावा लागतो. ही वाढ कारागिराने दर वेळी हिशेब मांडून करायची म्हटली तर त्याचे अर्धे आयुष्य गुणाकारात जाईल. म्हणून पट्टीच लांब केलेली असते, आणि कारागीर तिच्यावर निर्धास्त विश्वास टाकून अचूक काम करीत राहतो.

जबलपूरच्या गन कॅरेज फॅक्टरीत एका मराठी गृहस्थांनी अशा पट्ट्या हाताळीत ४१ वर्षे काढली. १९५९ साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी ते नमुनाशाळेत लागले आणि २००० साली निवृत्त झाले. घराणे मूळचे नागपूरकडचे. जबलपुरावर भोसल्यांचा अंमल होता त्या काळी कोणी पूर्वज तिकडे गेला आणि तिकडचाच झाला, असे घरात सांगत. कागद कोणताच नाही. नर्मदाकाठच्या अनेक मराठी घरांतल्यासारखीच त्यांची भाषा होती : क्रियापद मराठी, नाम पुष्कळदा हिंदी, आणि राग आला की सगळेच हिंदी. गल्लीत त्यांना मिस्त्रीजी म्हणत. घरात, नात बोलू लागल्यापासून, ते सर्वांचेच आजोबा झाले होते.

निवृत्तीनंतर वर्षभर त्यांनी काहीच केले नाही. मग एके दिवशी पुढच्या खोलीत, खिडकीजवळ, सागवानी फळ्यांचे जड टेबल आले; त्याच्या कडेला शेगडा बसला; पटाश्या, कानशी, गुण्या, कर्कटक यांची मांडामांड झाली. शक्तिमान ट्रक आणि त्याच्यामागे जोडलेली डोंगरी हाउवित्झर, या दोहोंची प्रतिकृती करायची, असे त्यांनी जाहीर केले. माप, एका फुटाला एक इंच.

"अहो, जन्मभर तेच केलंत ना?" पत्नीने विचारले.

"तेच तर केलं नाही," ते म्हणाले.

उत्तर चमत्कारिक वाटले तरी ते अक्षरशः खरे होते. तोफांच्या कारखान्यात तोफ अशी कोणाच्याच वाट्याला येत नाही. येतो तो एखादा आधार, एखादी दट्ट्याची नळी, आसाचे एखादे टोक. नमुनाकाराच्या वाट्याला तर भागही नव्हे, भागाची लाकडी सावली. तो नमुना ओतशाळेत जातो, वाळूत दाबला जातो आणि उचलून घेतला जातो. त्याने मागे ठेवलेल्या पोकळीत धातू शिरतो. पुढे तासणी, घासणी, तपासणी होऊन तो भाग जुळणीच्या खात्यात पोहोचेपर्यंत नमुनाकार आणखी चार नमुन्यांत गुंतलेला असतो. तयार तोफ ताडपत्रीखाली फाटकाबाहेर पडताना त्यांनी अनेकदा पाहिली होती; पण तिच्यात आपले काय आहे हे बोट ठेवून दाखवणे त्यांना कठीण गेले असते.

ट्रकाशी मात्र त्यांचे वय जोडलेले होते. ज्या वर्षी ते लागले त्याच वर्षी, कृष्ण मेनन संरक्षणमंत्री असताना, जर्मनीतील मान कंपनीच्या परवान्याने बांधलेला पहिला शक्तिमान याच आवारातून बाहेर पडला. आराखडे मिलिमीटरमध्ये, उस्ताद फूट-इंचांत वाढलेले, आणि देशात १९५६ च्या कायद्याने दशमान मापे नुकती कुठे येऊ घातलेली. २५.४ हा आकडा त्या पिढीने जपमाळेवर म्हणावा तसा म्हटला. आजोबांनी तो म्हटला, पण विचार करायचा झाला की ते आयुष्यभर इंचांतच करीत राहिले. प्रतिकृतीसाठी बारास एक हे प्रमाण त्यांनी निवडले त्यात गणिती सोयीपेक्षा ही जुनी सवयच अधिक होती.

१९६९ साली वाहनांसाठी शहरात स्वतंत्र कारखाना उभा राहिला, आणि ट्रक व तोफ ही एका आवारातली भावंडे विभक्त झाली. १९९६ साली शक्तिमानचे उत्पादनच थांबले. तोफ त्यांनी निवडली ती ७५/२४ ही हाउवित्झर. १९६२ च्या युद्धानंतर डोंगरी मुलखाची निकड लक्षात घेऊन भारतातच आखल्या गेलेल्या पहिल्या तोफांपैकी ती एक. सुटे भाग करून ती खेचरांच्या पाठीवर चढवता येई. जुळणीतल्या एका जुन्या मित्राने हरकत घेतली : इतक्या हलक्या तोफेला शक्तिमान कशाला, एक टनी निसानही पुरे. त्यावर आजोबांचे म्हणणे एवढेच की, मला दोन्ही माझ्याच फाटकातली पाहिजेत. इतिहासाच्या दृष्टीने हे उत्तर लंगडे आहे. पण प्रतिकृती करणारा माणूस इतिहासाचा नोकर असतोच असे नाही.

आराखड्यांचा प्रश्न बिकट होता. कारखान्यातला कागदाचा एक कपटाही त्यांनी कधी घरी आणलेला नव्हता, आणि डोक्यात राहून गेलेली मापे वापरणे हीदेखील एक चोरीच, अशी त्यांची समजूत होती. ती कोणाला हास्यास्पद वाटेल. त्यांनी मात्र ती कसोशीने पाळली. जे रस्त्यावर उभे राहून कोणालाही पाहता येईल तेवढेच घ्यायचे. मंडला रस्त्यावरच्या एका गॅरेजात लष्करी लिलावातून आलेला एक शक्तिमान उभा होता. जंगलातून लाकूड वाहून त्याचा हौदा पार खिळखिळा झाला होता. आठ रविवार आजोबा तेथे जात राहिले. दोऱ्याला गाठी मारून मापे घेतली, वहीत उतरवली. गॅरेजवाल्याने पहिल्या दिवशी ते गिऱ्हाईक आहेत असे समजून चहा पाजला. दुसऱ्या रविवारी खरा प्रकार कळल्यावर दोनदा पाजला.

त्याच जातीची एक तोफ शहरातल्या एका लष्करी फाटकाशी चौथऱ्यावर बसवलेली होती. तेथे दोरा काढताच पहारेकऱ्याने हटकले. मग त्यांनी रस्त्याच्या पलीकडे उभे राहून चौथऱ्याच्या विटा मोजल्या. वीट केवढी हे ठाऊक असले की तिच्यावर उभी असलेली वस्तू केवढी हे निघते. शिवाय या तोफेच्या नावातच तिचे माप होते : भोक ७५ मिलिमीटर, आणि नळीची लांबी तशा २४ भोकांएवढी, म्हणजे १८०० मिलिमीटर. बारांनी भागले की बरोबर १५०. हा भागाकार नि:शेष गेला तेव्हा त्यांना झालेला आनंद नातीला सुद्धा समजला नाही, आणि ती तेव्हा भागाकारच शिकत होती.

ट्रकाला तीन वर्षे लागली. सांगाडा पितळी पट्ट्यांचा, हौदा सागवानी, चाके लेथवर कातलेली, टायरांचे दात हवाई चपलेच्या रबरातून कोरलेले. छत्रीच्या काडीचे स्टिअरिंग, टाचण्यांच्या डोक्यांचे रिव्हेट, धुऊन पारदर्शक केलेल्या एक्स-रे फिल्मच्या काचा. या युक्त्या सगळेच हौशी करतात. खरी अडचण कमानपाट्यांनी केली. जुन्या गजराच्या घड्याळाची पोलादी पट्टी कापून त्यांनी हुबेहूब मापाचे पाटे बसवले, आणि ट्रक उभा केला तो खेळण्यासारखा ताठ उभा राहिला. प्रत्येक माप बरोबर, आणि तरी एकूण खोटे. कारण शोधायला त्यांना आठवडा लागला. लांबी बारा पटींनी घटली की वजन बारा गुणिले बारा गुणिले बारा, म्हणजे १७२८ पटींनी घटते. पाट्यांचा ताठरपणा मात्र केवळ बारा पटींनीच. खरा ट्रक स्वतःच्या ओझ्याने किंचित बसलेला असतो, आणि ते बसणे हाच त्याचा चेहरा असतो. लहान ट्रकाला बसण्याइतके ओझेच नव्हते. शेवटी त्यांनी पाटे कागदासारखे पातळ घासले, म्हणजे माप खोटे केले. तेव्हा कुठे ट्रक खरा दिसू लागला. ४१ वर्षे खोटी पट्टी वापरलेल्या माणसाला हे लवकर सुचायला हवे होते, असे ते स्वतःच म्हणत.

इंजिनाचे प्रकरण तर निव्वळ हट्टाचे. बॉनेट उघडते ठेवलेले नव्हते. तरी आत सहा सिलिंडरांचे इंजिन कोरले. मानच्या त्या इंजिनांत पिस्टनच्या माथ्यावर एक गोल खळगा असे. इंधन त्या खळग्याच्या भिंतीवर पसरून जळे, आणि म्हणून एरवी डिझेलचा होतो तो खडखडाट कमी होई. आजोबांनी तसा एक पिस्टन केला, खळग्यासकट, तांदळाच्या दाण्याहून थोडा मोठा. तो आत बसवला, वरून झाकण लावले. पुन्हा तो कोणालाही दिसणार नाही.

हौद्यावरच्या ताडपत्रीपाशी काम पत्नीच्या हाती गेले. खरे कॅनव्हास लावले असते तर त्याचा धागा त्या मापात सुतळीएवढा दिसला असता. तिने ट्रंकेतून सासऱ्यांचे मलमलीचे उपरणे काढले. पन्नास वर्षे धुतले जाऊन ते झिरझिरीत झाले होते. चहाच्या पाण्यात बुडवून, पातळ खळ देऊन, ते कमानींवर ओले असतानाच ओढून बसवले. दोऱ्या ओवायच्या भोकांना तिने काजाचे टाके घातले. एका बाजूला सात, दुसऱ्या बाजूला सात. चष्मा कपाळावर ढकलून, कापड डोळ्यांशी धरून ती टाके घालीत बसे तेव्हा आजोबा शेजारी बसून उगाचच कानस पुसत राहत. लग्नाला चाळीस वर्षे होऊन गेली होती, आणि दोघांनी मिळून एक वस्तू करण्याची ही पहिलीच वेळ होती. कापड सुकून ताणले गेले तेव्हा ट्रक पुरा झाला.

"आता तोफेच्या तोंडाला टोपी लागेल," ते म्हणाले.

"ट्रकाला दिलं कापड," ती म्हणाली. "तोफेला नाही द्यायची."

तिने कारण सांगितले नाही, आणि त्यांनी विचारले नाही. कारण त्यांना ठाऊक होते. तिचा पाठचा भाऊ पायदळात होता. १९६५ च्या सप्टेंबरात खेमकरणच्या बाजूला तोफगोळ्याने तो गेला. त्याच्या पलटणीतल्या एकाने पुढे पत्र लिहिले होते. त्यात ती तोफ कोणालाच दिसली नाही, फक्त गोळा येताना ऐकू आला, असे होते. पत्र हिंदीत होते. ते तिने पाठ केले होते, असे नव्हे. ते तिचे पाठ झाले होते.

हाउवित्झर या शब्दाचा प्रवास लांबचा आहे. पंधराव्या शतकात बोहेमियातील हुसपंथीयांनी वापरलेल्या आखूड तोफेला चेक भाषेत 'होउफ्नित्से' म्हणत, आणि 'होउफ' म्हणजे जमाव. तेथून जर्मन, तेथून इंग्रजी, आणि इंग्रजी अमदानीतून आपल्याकडे. जमावावर डागायची ती, एवढे तिच्या नावातच उघड आहे. आपल्या जुन्या मराठीने तोफांची नावे ठेवताना नेम कोणावर हे न पाहता वाहून कोण नेतो हे पाहिले : उंटावरची ती सुतरनाळ, हत्तीवरची ती गजनाळ. त्या चालीने ७५/२४ ला खेचरनाळ म्हणायला हरकत नव्हती. पण नाव कोणतेही ठेवले तरी तिचा स्वभाव पत्रात लिहिला होता तोच. साधी मैदानी तोफ समोर पाहून मारते. हाउवित्झर तोंड वर करून मारते. गोळा उंच चढतो आणि टेकडीपलीकडे, जेथून ती दिसत नाही तेथे, उतरतो.

आजोबांनी तोफेचे काम सुरू केले. नळी ज्या लांबट खोबणीत मागेपुढे सरकते तिला इंग्रजीत पाळण्याचेच नाव आहे, आणि कारखान्यातले मराठी कामगार तिला सरळ पाळणा म्हणत. पाळणा झाला. धक्का झेलणाऱ्या दट्ट्यांच्या नळ्या झाल्या, ढाल झाली, चाके झाली. एका संध्याकाळी त्यांनी हे भाग नुसतेच एकमेकांत अडकवून टेबलावर उभे केले. नमुनाशाळेत ज्यांच्या लाकडी सावल्या त्यांच्या हातून शेकड्यांनी गेल्या होत्या, ते भाग प्रथमच त्यांच्यासमोर एकत्र आले होते. ते पुष्कळ वेळ बसून राहिले. खोलीत दिवा लावायला आलेली पत्नी दारात थांबली.

"याच्या समोर काय ठेवणार?" तिने विचारले.

पाटावर दगडगोटे, कोरडे गवत आणि एक चढणीचा रस्ता, एवढेच करायचे ठरले होते. ते म्हणाले, "समोर काही नसतं. लांब असतं."

"किती लांब?"

या प्रश्नात खवचटपणा नव्हता. तिला खरोखरच जाणून घ्यायचे होते. चाळीस वर्षांत तिला ते कोणी सांगितले नव्हते. तोफेचा पल्ला दहा किलोमीटरहून अधिक. हिशेबाला सोपे म्हणून त्यांनी दहाच धरले आणि बारांनी भागले. ८३३ मीटर.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते टेबलापासून चालत निघाले. नमुनाकाराची पावले मोजकी पडतात. गल्ली संपली, पिठाची गिरणी गेली, रेशनचे दुकान गेले, मधले टेकाड चढून उतरले. टेकाडावरून मागे पाहिले तेव्हा घर दिसत होते. उतरल्यावर दिसेनासे झाले. ८३३ मीटर भरले ते पाण्याच्या टाकीमागच्या वस्तीत, एका अंगणाच्या कडेला. अंगणात एक म्हातारी बाजेवर बड्या वाळत घालीत होती. एक मूल बाजेखाली बसून कोंबडीशी बोलत होते.

"किसको ढूँढ रहे हो, भैया?" म्हातारीने विचारले.

"किसी को नहीं, अम्मा," ते म्हणाले. "ऐसे ही, टहलने निकले थे."

तिने त्यांना पाणी दिले. ते पिऊन ते परत आले. घरी आल्यावर पत्नीने काही विचारले नाही. त्यांनीच सांगितले, टाकीमागे, एवढेच.

त्यानंतर दीड महिना टेबलावर फडके होते. या दीड महिन्यात ते काय विचार करीत होते हे सांगण्याचा मोह टाळलेला बरा. त्यांनी घराच्या दोन खिडक्यांचे कोयंडे बदलले, नातीला पतंगाची चकरी करून दिली, आणि मंडला रस्त्यावरच्या त्या गॅरेजवाल्याकडे तीनदा उगाचच जाऊन आले. आपण केले ते वाईट होते असे त्यांनी कधी म्हटले नाही. डोंगरात उभ्या असलेल्या जवानाला मागून तोफेचा आधार नसला तर त्याचे काय होते हे १९६२ साली सगळ्या देशाने पाहिले होते, आणि मेहुणा स्वतः जवान होता. त्याच्याही मागे कोणाच्या तरी तोफा होत्याच. पण हे सगळे ठाऊक असणे आणि टाकीमागचे अंगण ठाऊक असणे या दोन गोष्टी त्यांच्या मनात एका मापात बसेनात, एवढे खरे.

राहिला होता तो नळीचा प्रश्न. बाहेरून तासलेली पितळी कांब तयार होती. तोंडाशी बोटभर भोक पाडले तरी पाहणाऱ्याला पुरले असते. जुळणीतल्या मित्राने तेच सुचवले. आजोबांनी फडके काढले ते नळी आरपार कोरायला. सव्वासहा मिलिमीटरचे भोक १५० मिलिमीटर लांब नेणे हे नाजूक काम. बर्मा आत गेल्यावर भरकटतो. पहिल्या कांबेला त्यांनी दोन्ही टोकांकडून भोके पाडली. ती मध्यावर भेटली, पण केसभर चुकून. उजेडाकडे धरले की आत एक पायरी दिसे. ती कांब त्यांनी खणात टाकली. दुसरी एकाच टोकाकडून, घोट घोट तेल देत, चार दिवसांत झाली. खिडकीशी धरली तर पलीकडचे आकाश वाटोळे आणि स्वच्छ दिसले.

"पोकळ केलीत?" पत्नीने विचारले.

"असते पोकळ," ते म्हणाले. "भरीव केली असती तर खोटी झाली असती."

तिने ती हातात घेतली, डोळ्याला लावून पाहिली आणि परत दिली.

तोफ २००६ च्या पावसाळ्यात पुरी झाली आणि ट्रकामागे जोडली गेली. पाटावर चढणीचा रस्ता आहे, नर्मदेतले बारीक गोटे आहेत. समोर काहीच नाही. पाटाच्या खालच्या बाजूला आजोबांनी पेन्सिलीने माप आणि साल लिहिले, आणि त्याखाली ८३३ हा आकडा. नातीने तो काय म्हणून विचारले तेव्हा, मोठी झालीस की सांगेन, असे त्यांनी सांगितले.

त्याच आठवड्यात दुपारी ते झोपले असताना पत्नीने उपरण्याचा उरलेला तुकडा काढला. तोफ गाडीमागून ओढून नेताना तिच्या तोंडावर कापडी टोपी घालतात, आत धूळ जाऊ नये म्हणून. हे तिने इतक्या वर्षांत ऐकलेले होतेच. तिने बोटाच्या पेराएवढी टोपी शिवली, तोंडावर चढवली आणि दोऱ्याने तीन वेढे देऊन गाठ मारली. उठल्यावर त्यांनी ते पाहिले. गाठ निरगाठ होती, सुटणारी नव्हती. लष्करी टोपीची दोरी ओढताच सुटावी लागते, हे सांगायला त्यांनी तोंड उघडले आणि तसेच मिटले.

दसऱ्याला त्यांच्या घरी हत्यारांची पूजा होते. त्या वर्षी तिने पटाश्यांना, कानशीला, गुण्याला, त्या जुन्या लांब पट्टीला हळदकुंकू लावले. मग ट्रकाच्या बॉनेटवर एक बोट टेकले. तोफेपाशी ती थोडी थांबली, आणि कुंकू तिच्या चाकाला लावून पुढे गेली.